सुपभर कोंडा

॥ श्री ॥

चांदा, जटपुरा
ता. १४ एप्रिल १९५५

चि. गुणवंताले बाईचा आशीर्वाद.

एरवी मी आधी तिकडचं क्षेम विचारते. या खेपेले विचारत नाई. महाकालीच्या जत्रेपायी तू, रुखमा, पत्रू अन् बापूजी आठ दिवस माझ्याच घरी होते. क्षेम कसं आहे ते मी डोळ्यानं पाह्यलं.

तुमची मोटार सुटली तवापासून डोस्क्यात आग आहे. तोंडावर बोलली नाई, कारण बापूजी ओसरीवर बसले होते. आता कागदावर बोलते, वाच.

पत्रूले कडेवर घेतलं अन् दचकली. तीन वर्षाचं पोट्टं, वजन रिकाम्या टोपल्याएवढं. कानाखाली मानेले गाठी आहेत, हात लावला की बोटाखाली सरकतात. रुखमाले विचारलं तर म्हणे, माघात गोवर निघाला तवापासून असाच आहे, दिवस कलला की अंग कोमट होते. म्हणजे तिले माहीत आहे! माहीत असून तुम्ही लेकराले पाळण्यात बसवून फिरवून राह्यले, रेवड्या घेऊन देऊन राह्यले.

अन् बापूजी. बाबा गेल्यावर ज्या मोठ्या काकानं आपल्या दोघा बहीणभावाले लेकरावानी वाढवलं, त्याच्याबद्दल मी वाकडं लिहीन असं वाटत असन, तर तुझ्या थोबाडीत मारीन. पण तुले कान आहेत का बे? त्यायचा खोकला छातीच्या बुडातून येते. सकाळी न्हाणीत थुंकून वरून पाणी ओततात. धोतर दोनदा कमरेले गुंडाळतात, इतकी कंबर गेली. अन् लेकरू रातभर त्यायच्याच पांघरुणात, नाकाले नाक लावून.

तू काय म्हणशीन ते मले पाठ आहे. मंगली गेली, लच्छू गेला, म्हणून तिसऱ्याले जन्मल्याबरोबर पत्रावळीवर ठेवलं. बापूजीनं सुपभर कोंडा देऊन विकत घेतला, की मरणाले वाटावं हा या घरचा नाई, कोंड्याच्या भावाचा माल आहे. नावही त्यापायी पत्रू. पाच वर्षं घेणाऱ्याच्या खाटेवर झोपाचं, त्याच्या हातचा पहिला घास खाचा, मायबापानं माझा म्हणाचं नाई. अरे, तो कोंडा पाखडाले मीच बसली होती. रीत मोडा म्हणत नाई मी. खाट वेगळी करा म्हणते.

उलट टपाली लिही. लोभ मागत नाई, लेकराची वेगळी खाट मागते.

तुझी बाई,
मनकर्णा

॥ श्री ॥

मौजे येरमटोला, आलापल्लीजवळ
ता. २७ एप्रिल १९५५

ती. बाईच्या चरणी गुणवंतचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचले. पोस्टमननेही विचारले, मास्तर, पाकीट इतके गरम का? सध्या तेंदूपत्त्याचे दिवस, गाव पहाटेच रानात जाते, शाळेत चार टाळकी. त्यामुळे तुझ्या शिव्या निवांत वाचता आल्या.

चांद्याला गेल्यापासून तुला सगळ्यांत रोग दिसू लागला आहे. बापूजींचा खोकला विडीचा आहे. इथे अर्धे गाव असेच खोकते. मोठी माय गेली तेव्हाही असाच खोकला होता, वैद्याने उष्णता सांगितली होती. पत्रूला रुखमा अडुळशाचा रस मधातून देते. गोवरानंतर देवी मातामायचे पथ्य कडक पाळले, दीड महिना तेल, वरण, दूध, अंडे घरात शिजू दिले नाही, नुसत्या पेजेवर ठेवले, म्हणून उतरला. पावसाळ्यात भरेल.

खाटेचे म्हणशील, तर मी रुखमापाशी विषय काढून पाहिला. ती रडलीच नाही, भांडली. म्हणाली, बाईंची चार जिती आहेत, त्यांना काय जाते सांगायला. माझा हा एकच, आणि तो बापूजींच्या खाटेवर आहे म्हणूनच आहे.

आणि बापूजींना सांगू कोणत्या तोंडाने? ज्या माणसाने स्वतःच्या ताटातला भात आपल्याला वाढून पेज पिऊन दिवस काढले, त्याला म्हणू, तुमचा श्वास वाईट आहे? क्षय हा शब्द एकदा गावात फुटला की आपल्या घरचे पाणी कोणी पिणार नाही. पंचात बसणारा माणूस. दिवसभर त्या पोराशी बोलतो, हसतो. मोठी माय गेल्यापासून त्यांना दुसरे आहे कोण? एवढे समजून घे.

मुलांना गोड पापा. राग गिळून माया तशीच ठेवावी, हे मागणे.

तुझा,
गुणवंत

॥ श्री ॥

चांदा
ता. ८ मे १९५५

चि. गुणवंताले आशीर्वाद. देते म्हणून देते.

अर्धं गाव खोकते म्हणून तो खोकला नाई होय? चांगला मास्तर मिळाला गावाले! वर्गात पोट्ट्यायले शिकवतो, खोकताना तोंडापुढे फडकं धरा, कुठीबी थुंकू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. कुणाले विचारलं नाई, ह्यायलेही सांगतलं नाई, भाजीची पिशवी घेऊन गेली अन् डॉक्टरच्या दारात बसली. त्यानं मले जे विचारलं, ते आपल्या घरी राहून आल्यासारखं. घरात कोणी मोठं माणूस महिनोन्महिने खोकते का? हव. लेकरू त्याच्याजवळ झोपते का? हव. वय पाचाच्या आत? हव. इतक्यात गोवर नाई तर डांग्या खोकला झाला का? हव. मंग पोटभर खाऊ घातलं का? मी म्हटलं, दीड महिना पेज. त्यानं लिहिता लिहिता मान वर केली. खोलीले खिडकी आहे का? आहे, पण बिबट्यानं कुत्रं नेलं तवापासून शेणामातीनं बुजवली, आतच चूल जळते. घरात आधी कोणी असं खोकून गेलं का? मोठी माय. शेवटी त्यानं विचारलं, बाई, मंग तुम्ही वाट कायची पाहून राह्यल्या?

मले लाज वाटली. अन् तुझा असा राग आला, की घरी येऊन भांडे आपटले.

तो म्हणे, लहान लेकरू हा रोग सहसा कुणाले देत नाई, मोठ्याकडून घेते. अन् लहान लेकराले तो छातीतच राहात नाई, डोस्क्यात चढते. आधी चिडचिड, मंग रोजचा ताप, मंग झटके. गुणवंता, मंगलीले काय झालं होतं? तू तवा लिहिलं होतं, बाहेरचं काई लागलं. लच्छू कसा वाळत वाळत गेला? ते दोघंबी त्याच खोलीत, त्याच खाटेपाशी वाढले. मरणाले फसवाले म्हणून तिसरं लेकरू तुम्ही नेमकं मरणाच्याच कुशीत झोपवलं.

अन् औषध कुणाले? पत्रूले अडुळसा! दुखणं हल्याले अन् डाग पखालीले.

आता या रोगाले इंजेक्शनं निघाली आहेत, माणसं उठून घरी जातात. क्षय म्हटलं की संपलं, ते दिवस गेले. पण लेकराले इथी आणलं पाह्यजे, अन् बापूजीलेबी. मृग लागला की नाले चढतील, आलापल्लीची वाट बंद, मंग चार महिने मी इथी अन् तुम्ही तिथी. त्याच्या आत निघ.

रुखमाले सांग, माझी चार जिती आहेत म्हणूनच तिच्या एकासाठी ओरडून राह्यली.

नेहमीसारखं लोभ असावा लिहिणार नाई. आधी लेकरू आण, मंग लोभाचं पाहू.

मनकर्णा

॥ श्री ॥

येरमटोला
ता. २१ मे १९५५

ती. बाईस सा. न.

मंगली आणि लच्छूचे नाव पत्रात आणायला नको होते. रुखमाला वाचून दाखवताना मी तेवढ्या ओळी गाळल्या, पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

ताप आता रोज येतो. पोरगा चिडका झाला आहे, कोणी हात लावला तरी किंचाळतो. फक्त बापूजींपाशी गप्प राहतो.

बापूजींना सांगायला मी ओसरीवर गेलो होतो. खरेच गेलो होतो. तोंड उघडले आणि बैलाच्या खुराची गोष्ट काढून परत आलो. दुसऱ्यांदा गेलो तर पत्रू त्यांच्या छातीवर झोपला होता, आणि ते हात हलवून मला सांगत होते, हळू बोल, आत्ता डोळा लागला आहे. तू असतीस तर काय केले असतेस?

तुला माझ्या गळ्याची शपथ, बापूजींना काही लिहू नकोस. खचतील. मी बघतो. आठ-पंधरा दिवसांत बघतो.

आशीर्वाद असू दे, तो तरी तोडू नकोस.

गुणवंत

॥ श्री ॥

चांदा
ता. ३० मे १९५५

तीर्थस्वरूप बापूजींच्या पायावर मनकर्णाचं डोस्कं.

गुणवंतानं मले शपथ घातली होती की तुम्हाले लिहू नोको. ती मोडून लिहून राह्यली. चिठ्ठी चैतूच्या हाती देते, तो वनखात्याची लाकडाची मोटार घेऊन परत आलापल्लीले चालला. तुमच्याच हाती दे म्हणून बजावलं आहे.

बापूजी, तुमचा खोकला विडीचा नाई. तो क्षयाचा असावा असं इथचे डॉक्टर म्हणतात. त्यायनं तुम्हाले पाह्यलं नाई, मी पाह्यलं ते सांगतलं. पत्रूच्या मानेच्या गाठी, त्याचा ताप, त्याचं वाळणं, हे त्याच रोगाचं असावं. तो खोकल्यातून उडते. जवळ झोपणाऱ्याले लागते, अन् लहान, गोवरातून उठलेलं, अर्धपोटी लेकरू असलं तर लवकर लागते. तुमचा काई दोष नाई. कुणी सांगतलंच नाई, तर कसं कळन?

मले तुमचा राग नाई. मले गुणवंताचा राग आहे, रुखमाचा आहे, त्या बुजवलेल्या खिडकीचा आहे, अन् माझा स्वतःचा आहे, की जत्रेत आठ दिवस तुमच्यासमोर बसून मी पुरणपोळ्या वाढल्या अन् तोंडातून शब्द काढला नाई. लहानपणी मले काटा रुतला तर तुम्ही सुईनं उकरून काढत होते अन् म्हणत होते, रड, पण पाय हलवू नोको. तसंच सांगते. दुखन तुम्हाले. पण पाय हलवू नका.

पत्रूले तुमच्या खाटेवरून उठवा. तुम्ही विकत घेतला, तुम्हीच उठवू शकता. दुसऱ्या कुणाचं तिथी चालत नाई.

चूक झाली असन तर मारा, पण लेकराले पाठवा.

तुमची,
मनी

॥ श्री ॥

येरमटोला
ता. १० जून

चि. मनीले बापूजीचा आशीर्वाद.

हे पत्र घेऊन येणारा गुणवंतच आहे. मागं रुखमा आहे, तिच्या कडेवर पत्रू. आधी लेकराले दवाखान्यात न्या, मंग हे वाचा.

आले का नेऊन? आता आयक.

माझ्या जिंदगीत असा राग मले आला नवता. तुझ्या चिठ्ठीचा नाई. चिठ्ठी उशिरा आली त्याचा. चैत्रात तू पाह्यलं, अन् मले ज्येष्ठात कळते! मधात दोन महिने तुम्ही भाऊबहीण कागदं लिहून राह्यले, चांद्याहून येरमटोल्याले, येरमटोल्याहून चांद्याले, अन् मी त्याच घरात, त्याच लेकराले उराशी घेऊन, त्याच्या तोंडावर खोकून राह्यलो. मले काऊन नाई सांगतलं? म्हातारा खचन म्हणे! अबे, वाघाच्या रानात एकट्यानं बैल हाकले मी, दोन भावाचं शेत वाह्यलं, घरातले चार मुडदे खांद्यावर नेले. एका शब्दानं खचन होय? माझा मान ठेवला म्हणता. कायचा मान? माझ्या पोट्ट्याच्या जिवावर ठेवलेला मान मले पाह्यजे होता असं कुणाले सांगतलं होतं मी?

गुणवंताले मी विचारलं. तो खाली पाहून रडला. अठ्ठावीस वर्षाचा मास्तर. मारावं वाटलं, मंग मारलं नाई, कारण मारलं तर जवळ घ्यावं लागते, अन् आता मी कुणाले जवळ घेत नाई.

काय केलं ते सांगतो. चिठ्ठी आली त्याच दिवशी पत्रूले दारात पत्रावळीवर बसवलं. रुखमा आडवी आली. म्हणे, बापूजी, पाच वर्षं नाई झाली, पाय धरते, सोडू नका त्याले. मी दुरूनच बोललो, तोंडावर धोतर धरून. म्हटलं, पोरी, मरण घराबाहेर उभं आहे असं समजून आपण त्याले आत लपवलं. ते आतच होतं. माझ्याच छातीत होतं. आता मी त्याले घेऊन बाहेर जातो, तू तुझं लेकरू उचल. तिनं उचललं. सुपभर कोंडा मी तिच्याकडून परत मागून घेतला अन् बैलापुढे टाकला. रीत म्हणजे रीत. घेतलं तसं वापस केलं. आता तो माझा नाई, तिचा आहे. माझा म्हणू शकते ती.

खाट अंगणात आणून जाळली. खिडकीची माती पहारीनं पाडली. बिबट्या आला तर येऊ दे, तो एकाले नेते. मी वावरातल्या मांडवात राह्यलो आहे. शेजारचा इसरू माडिया बांधावर भाकर ठेवून जाते, मी उचलतो. संध्याकाळी गोष्टी आयकाले गावची पोट्टी येत होती, त्यायले दगड दाखवून हाकललं. म्हातारा पिसाळला म्हणतात. म्हणू दे.

तू चिठ्ठीत मंगलीचं अन् लच्छूचं नाव लिहिलं नाई. तरी मी वाचलं.

पेरणी टाकून मी येत नाई. लेकराचं पाह्य. तुझं बरं होवो, अन् या पुढे जे सांगाचं ते मले सांगत जा.

बापूजी

॥ श्री ॥

चांदा
ता. ३० ऑक्टोबर १९५५

तीर्थस्वरूप बापूजींच्या पायावर मनकर्णाचा नमस्कार.

नाले उतरून मोटार सुरू झाली त्याले महिना झाला, चैतूची ही तिसरी खेप, आधी आनंदाचं सांगते. पत्रू वाचला. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस उशिरा आणलं असतं तर डोस्क्यात चढलं असतं. इंजेक्शनं घेऊन घेऊन ढुंगण चाळणी झालं, सुईवाली बाई दिसली की अशा शिव्या देते की वॉर्ड हसते. कुठून शिकला ते मी विचारत नाई. ताप गेला. गाठी बसत चालल्या. अंडं, दूध, वरण, सगळं खाते. रुखमा त्याच्या ताटापुढून हलत नाई, अन् दिवसातून किती खेपा माझा बाळ, माझा बाळ म्हणते ते मोजूच नये. माझ्या चौघायलेबी तपासून टोचून घेतलं.

आता भांडण. मागं चैतूच्या हाती तुम्ही बाटलीत थुंकी पाठवली, तिच्यात रोग निघाला हे कळवून पंधरा दिवस झाले. तुमचं आपलं एकच, धान निघू द्या. धान कापाले गुणवंत आहे ना? शाळेले रजा टाकली त्यानं. मांडवात थंडीत एकटे बसून तुम्ही कुणावर सूड घेऊन राह्यले? आमच्यावर? घेतला, पुरे झाला. तुम्हाले राग येते तसा मलेबी येते, तुम्हीच वाढवलं आहे. दिवाळीच्या आत या. खाट मागून ठेवली आहे.

एक लिहू की नोको असं झालं होतं. तुम्ही म्हटलं, जे सांगाचं ते मले सांग. म्हणून सांगते. पत्रूले आता वेगळी खाट आहे. तो तिच्यावर मधात झोपत नाई. एका कडेले, पट्टीवर, अंग चोरून झोपते, अन् दुसरी बाजू रिकामी ठेवते. दोनदा खाली पडला, तरी तसाच. रुखमानं मधात सरकवलं तर किंचाळला, म्हणे ही बाप्पूची जागा आहे, बाप्पू आला तर कुठी निजन.

लवकर या. मी वाट पाहून राह्यली, अन् मले वाट पाहाचा कंटाळा आहे.

तुमची,
मनी

॥ श्री ॥

येरमटोला
ता. १८ नोव्हेंबर १९५५

चि. मनीले आशीर्वाद.

दिवाळी गेली, मी आलो नाई, तू शिव्या देऊन राह्यली असशीन. दे. धान कापून झालं, गुणवंत चुरून, मळून घेईन. त्याच्या हाताले फोड आले, चांगलं झालं. चैतूची मोटार सोमवारी निघते, तिच्यात लाकडावर बसून येतो. आत बसणार नाई, आत दुसरे माणसं असतात. मोटार दवाखान्याच्याच दारात थांबव म्हणून सांगतलं आहे. तुझ्या घरी येणार नाई. कुणी घ्याले याचं नाई. लेकराले तर मुळीच आणू नोको, लांबून दाखवतो म्हणूनबी नोको. मी त्याले पाह्यलं तर मी उचलीन, हे मले माहीत आहे, अन् तुलेबी माहीत आहे. डॉक्टर हव म्हणन त्या दिवशी पाहीन. नाई म्हटलं तर नाई.

तुझ्या पत्रातलं शेवटचं मी बांधावर उभ्यानं वाचलं. मंग खाली बसलो. लय राग आला. रिकाम्या जागेचा आला, माझा आला, त्या पोट्ट्याचा आला. एवढंसं पोट्टं, पट्टीवरून पडते, पण जागा सोडत नाई. कुणावर गेलं असन?

त्याले सांग, बाप्पूनं हुकूम धाडला आहे. म्हणाव, बाप्पूची खाट वेगळी झाली, लय मोठी आहे, त्याले तिथी झोप येते. खोटं आहे, पण सांग. अन् म्हणाव, ती सगळी खाट तुझी आहे.

मधात सरक म्हणाव. पाय ताणून झोप म्हणाव.

बापूजी